वाचकांचे प्रश्न: बायोमासचा ‘शून्य कार्बन’ नेमका येतो कुठून?

या वेळी बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत आणि त्याचं कारणही उघड आहे, थर्मल पॉवर प्लांटना कोळशात बायोमासचे (म्हणजे काडीकचरा, लाकूड यांचे) दाबून केलेले पेलेट मिसळणं बंधनकारक झालं (२०२३ च्या सुधारित धोरणात २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के असं ठेवलं होतं), त्यामुळे गावोगावी पेलेट-ब्रिकेटचे प्लांट निघाले, आणि जे परदेशी गिऱ्हाईक शोधायला गेले त्यांच्याकडे पहिल्याच ईमेलमध्ये सर्टिफिकेट आणि कार्बनचा आकडा मागितला गेला. काही पत्रं लांब होती म्हणून थोडी कापलीत, नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: सर, मी एका सहकारी साखर कारखान्यात को-जनला (कारखान्याच्या वीजनिर्मिती विभागात) आहे. हंगामात दिवसरात्र बगॅस (उसाचं चिपाड) जळतो. कार्बनचा रिपोर्ट करायला बाहेरून कन्सल्टंट आले होते, त्यांनी बॉयलरच्या पुढे सरळ शून्य लिहिलं. चिमणीतून जे निघतंय ते आम्हाला रोज दिसतंय, मग शून्य कसं? हे खरं आहे की सोयीचं आहे? (वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर: शंका अगदी रास्त आहे. चिमणीतून सीओटू निघतोच, आणि उष्णतेच्या हिशोबाने बघितलं तर कोळशापेक्षा जास्तच निघतो. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सर्वसाधारण दगडी कोळशाला एका गिगाज्यूलमागे ९४.६ किलो सीओटू धरलाय, लाकडाला ११२ किलो, आणि बगॅससारख्या इतर घन बायोमासला १०० किलो. म्हणजे ‘बायोमास जाळला की कार्बन निघत नाही’ असं कोणी म्हणालं तर ते साफ चूक आहे.

मग शून्य येतं कुठून, तर ते कुठल्या वहीत लिहायचं या नियमातून येतं. झाडं-पिकं कापली की जमिनीवरचा कार्बनचा साठा कमी होतो, तो कमी झालेला साठा शेती आणि जंगलाच्या खात्यात मोजायचा असं ठरलेलं आहे, आता तोच कार्बन बॉयलरमध्ये परत मोजला तर दोनदा मोजला जाईल, म्हणून ऊर्जेच्या खात्यात तो बेरजेत धरत नाहीत, फक्त माहितीसाठी वेगळा लिहितात. उसाच्या बाबतीत हे बरोबर बसतं, कारण यंदा जळालेला कार्बन पुढच्या बारा-अठरा महिन्यांत त्याच वावरातला ऊस हवेतून परत ओढून घेतो. लाकडाचं असं नाही, त्यावर पुढे एका पत्रात येईलच.

पण तुमच्या कन्सल्टंटनी नुसतं शून्य लिहून विषय संपवला असेल तर ते अपुरं काम आहे. बायोमास जाळताना निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड याला कुठलीही माफी नाही, तो ऊर्जेच्या खात्यातच मोजायचा. एक टन ओला बगॅस घ्या, ५० टक्के ओलावा, उष्णता साधारण साडेसात गिगाज्यूल. त्यातून सीओटू निघतो अंदाजे ७५० किलो, हा वेगळा लिहायचा. मिथेन एका गिगाज्यूलमागे ३० ग्रॅम, म्हणजे २२५ ग्रॅम, त्याला २८ ने गुणलं (मिथेन सीओटूच्या इतक्या पट तापवतो असं धरतात) की ६.३ किलो. नायट्रस ऑक्साइड ४ ग्रॅमप्रमाणे ३० ग्रॅम, त्याला २६५ ने गुणलं की जवळपास ८ किलो. दोन्ही मिळून टनाला १४ किलोच्या आसपास सीओटू-समतुल्य. आकडा छोटा वाटतो, पण हंगामाला लाखभर टन बगॅस जाळणाऱ्या कारखान्याला तो १४०० टन होतो, आणि तो रिपोर्टमध्ये दिसला पाहिजे. शिवाय हंगाम संपल्यावर टर्बाइन चालू ठेवायला कोळसा आणला असेल तर तो पूर्णच्या पूर्ण मोजायचा, वर्षाची सरासरी काढून तो बगॅसच्या शून्यामागे लपवता येत नाही.

प्रश्न: आमचा यवतमाळ भागात पेलेटचा छोटा प्लांट आहे. कच्चा माल म्हणजे पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं), तुराट्या आणि सोयाबीनचं कुटार. युरोपातल्या एका ट्रेडरने ‘ग्रीनहाऊस सेव्हिंग किती टक्के’ असं विचारलंय. हे टक्के कशाच्या तुलनेत काढायचे आणि आम्हाला स्वतःला काढता येतात का? (वाचक, यवतमाळ)

उत्तर: काढता येतात, आणि सर्टिफिकेशनवाल्याला बोलवण्याआधी स्वतः एकदा कागदावर काढून बघाच, कारण त्यातून तुमचा प्लांट कुठे मार खातोय ते लगेच कळतं.

युरोपचा नियम म्हणजे तिकडचा रिन्यूएबल एनर्जीचा कायदा, २०१८ साली त्याची दुसरी आवृत्ती आली आणि २०२३ मध्ये परत सुधारणा झाली. त्यात वीज बनवण्यासाठी जीवाश्म इंधनाचा तुलनेचा आकडा ठरवून दिलाय, एका मेगाज्यूल विजेमागे १८३ ग्रॅम सीओटू-समतुल्य. तुमच्या पेलेटपासून बनलेली वीज याच्यापेक्षा किती टक्के कमी, ते म्हणजे सेव्हिंग. २०१८ च्या आवृत्तीत २०२१ पासून सुरू झालेल्या प्लांटला ७० टक्के आणि २०२६ पासून सुरू होणाऱ्यांना ८० टक्के अशी अट आली.

आता हिशोब. पऱ्हाटी हा पिकाचा अवशेष आहे, त्यामुळे कापूस पिकवायला लागलेलं खत, पाणी, फवारणी यातलं काहीही तुमच्या डोक्यावर येत नाही, अवशेष शेतातून उचलण्याच्या क्षणापासून तुमचं मीटर सुरू होतं. उचलणं, श्रेडर, ट्रॅक्टर, प्लांटची वीज, ड्रायर, मग तयार माल गिऱ्हाइकापर्यंत पोचवणं, आणि शेवटी बॉयलरमधला मिथेन-नायट्रस ऑक्साइड. समजा एक टन पेलेटमागे तुमचं ८ लिटर डिझेल आणि १०० युनिट वीज लागते (तुमचे खरे आकडे घाला, हे मी उदाहरणापुरते धरलेत). डिझेल रिफायनरीपासूनचं सगळं धरून लिटरला साधारण ३.४ किलो, म्हणजे २७ किलो. आपल्या ग्रिडची वीज युनिटला ०.७३ किलोच्या आसपास, म्हणजे ७३ किलो. झाले १०० किलो. पेलेटमध्ये टनाला १६ गिगाज्यूल उष्णता धरली तर मेगाज्यूलला सव्वासहा ग्रॅम, त्यात जळतानाचे १.९ ग्रॅम मिळवा, ८.१५ झाले. वीजप्लांटची कार्यक्षमता ३० टक्के धरली की एका मेगाज्यूल विजेमागे २७ ग्रॅम. १८३ च्या तुलनेत सेव्हिंग ८५ टक्के. जहाजाचं भाडं जसं वेगळं असतं तसा जहाजाचा कार्बनही वेगळा, तो यात अजून धरलेला नाही, तो धरला की सेव्हिंग आणखी खाली येतं.

आणि आता खरी गोम. समजा तुम्ही पऱ्हाटी उन्हात न वाळवता ४० टक्के ओलाव्याची उचलली आणि ड्रायर कोळशावर चालवला. एक टन पेलेट १० टक्के ओलाव्याचं हवं असेल तर त्यासाठी दीड टन ओला माल लागतो, त्यातलं ५०० किलो पाणी उडवायचंय. किलोमागे ४ मेगाज्यूल धरले तर २ गिगाज्यूल उष्णता लागली, कोळशाच्या हिशोबाने जवळपास १९० किलो सीओटू. शंभरचे झाले दोनशे नव्वद. तीच आकडेमोड परत केली की वीज ६७ ग्रॅमवर जाते आणि सेव्हिंग येतं ६३-६४ टक्के. नापास! ८० सोडाच, ७० ला पण नापास. शेतकरी तोच, पऱ्हाटी तीच, मशीन तेच, फक्त ड्रायरमधलं इंधन बदललं. म्हणून प्लांट उभारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, ड्रायर स्वतःच्याच भुशावर नाहीतर पऱ्हाटीवर चालवा, आणि होळीपर्यंतचं ऊन वाया घालवू नका. मशीनवाले हे सांगत नाहीत कारण त्यांच्या कोटेशनमध्ये कार्बनचा कॉलम नसतो.

एक लक्षात घ्या, देशातल्या थर्मल प्लांटला माल द्यायचा असेल तर तिथे भर असतो उष्मांक, ओलावा, आकार, राख यांच्यावर. युरोपचं सर्टिफिकेट काढायला खर्च येतो, दरवर्षी ऑडिट असतं. गिऱ्हाईक पक्कं झाल्याशिवाय नुसतं भिंतीवर लावायला ते काढू नका, पण नोंदी मात्र आजपासून ठेवा.

प्रश्न: आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. चारशेच्या वर सभासद आहेत, बहुतेकांची दोन-तीन एकर जमीन. सर्टिफिकेशनसाठी प्रत्येक शेतकऱ्याचं ऑडिट होणार का? आणि आम्हाला पाचटही गोळा करून विकायचंय, ते चालेल ना? (संचालिका, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर: ताई, प्रत्येकाचं ऑडिट होत नाही. आयएससीसीसारख्या पद्धतीत (हे जर्मनीतलं, युरोपियन कमिशनने मान्य केलेलं सर्टिफिकेशन आहे) शेतकरी एक स्वयंघोषणापत्र भरून देतो, सर्टिफिकेट निघतं ते माल पहिल्यांदा गोळा करणाऱ्याच्या नावाने, म्हणजे तुमच्या कंपनीच्या नावाने. ऑडिटर नमुना म्हणून काही शेतकरी निवडतो, त्याचा साधा नियम वर्गमूळाचा आहे, ४०० शेतकरी असतील तर २०, आणि जोखीम जास्त वाटली तर आणखी. त्या विसांत कोण येईल ते आधी माहीत नसतं, त्यामुळे चारशेच्या चारशे घोषणापत्रं खरी असायला लागतात. सातबारावरचा गट नंबर, सही, तारीख, आणि जमीन २००८ च्या जानेवारीत काय होती (जंगल किंवा पाणथळ तोडून शेत केलेलं नाही ना), हे त्यात येतं. तुमच्या भागात पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन असल्याने त्याची अडचण नसावी.

पाचटाचं मात्र मला मनापासून वेगळं सांगायचंय. बगॅस आणि पाचट दोन्ही उसाचेच, पण नियमात दोघांची जागा वेगळी आहे. बगॅस हा कारखान्यातल्या प्रक्रियेतून निघालेला अवशेष, त्याला फक्त कार्बन सेव्हिंगची अट पुरते. पाचट, पऱ्हाटी, भाताचा पेंढा हे शेतातून उचललेले अवशेष, त्यांना जमिनीच्या आरोग्याची जास्तीची अट आहे: जमिनीची प्रत आणि सेंद्रिय कर्ब याच्यावर काय परिणाम होतोय हे बघायची आणि सांभाळायची व्यवस्था असली पाहिजे. आणि ही अट कागदी नाहीये हो. आपल्याकडच्या कितीतरी जमिनींचा सेंद्रिय कर्ब आधीच अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळतोय, कृषी विभाग वर्षानुवर्षं ‘पाचट जाळू नका, सरीत कुजवा’ म्हणून कार्यक्रम घेतोय, आणि आपण टनाला चार पैसे मिळतात म्हणून तेच पाचट उचलून बॉयलरला घातलं तर कार्बनच्या वहीत सेव्हिंग दिसेल आणि वावरातला कर्ब निघून जाईल.

जे शेतकरी नाहीतरी पाचट पेटवूनच देतात, त्यांच्याकडचं थोडं उचललं तर मी समजू शकतो. पण जो सरीत कुजवतोय त्याच्या दारात ट्रॅक्टर लावू नका. सगळं उचलायचं नाही, एक वर्षाआड उचलायचं की निम्मं ठेवायचं हे तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी बोलून ठरवा, आणि दर हंगामाआधी माती परीक्षण करून तो कागद फाइलला लावा. ऑडिटर तो कागद मागेलच, पण त्याने मागितला नसता तरी तो तुमच्याकडे असायला हवा होता.

प्रश्न: आमच्या गोडाऊनमध्ये सर्टिफाइड आणि साधा दोन्ही माल येतो. वेगळे ढीग ठेवायलाच लागतात का? (ट्रेडर, पुणे)

उत्तर: नाही, मास बॅलन्स पद्धतीत माल मिसळला तरी चालतो, पण हिशोब मिसळून चालत नाही. १०० टन सर्टिफाइड आत आला तर सर्टिफाइड म्हणून १०० टनच बाहेर जाऊ शकतो, तोही प्रक्रियेतली घट वजा करून, आणि हा ताळेबंद ठराविक मुदतीत, साधारण तीन महिन्यांत, जुळला पाहिजे. आधी विकू, माल नंतर आणू हे चालत नाही. काटा पावत्या, गेट रजिस्टर आणि जीएसटीची बिलं यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर ऑडिट तिथेच अडतं. आणखी एक, एकाच टनाचा फायदा एका ठिकाणी कार्बन क्रेडिट म्हणून आणि दुसऱ्या ठिकाणी सेव्हिंग म्हणून, असा दोनदा विकू नका. हे पकडलं जातं.

प्रश्न: मी यॉर्कशायरमध्ये राहतो. इथे ड्रॅक्स पॉवर स्टेशनवर सतत वाद चालू असतो. एक बाजू म्हणते हे देशातलं सगळ्यात मोठं ग्रीन पॉवर स्टेशन, दुसरी म्हणते अमेरिका-कॅनडाची जंगलं जाळतायत. सर्टिफिकेट आहे म्हणजे बरोबर आहे असं समजायचं का? (वाचक, लीड्स)

उत्तर: तुम्ही त्या वादाच्या अगदी शेजारी आहात. सेल्बीजवळचं हे एकेकाळचं ब्रिटनचं सगळ्यात मोठं कोळशाचं स्टेशन, त्याची चार युनिटं लाकडाच्या पेलेटवर फिरवली, एकूण २.६ गिगावॅट. पेलेट येतात मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमधून आणि कॅनडातून, आणि त्यावर सबसिडी मिळते.

पहिल्या पत्रात सांगितलेला नियम आठवा: बॉयलरमध्ये शून्य, कारण जंगलाच्या खात्यात मोजतात. आता झाड तुटलं लुइझियानात, जळलं यॉर्कशायरमध्ये. ब्रिटनच्या वीजखात्यात चिमणीचा सीओटू शून्य, आणि जंगलाची घट अमेरिकेच्या वहीत. पण देशांच्या उत्सर्जनाला मर्यादा घालणारा क्योटो करार अमेरिकेने कधी मंजूरच केला नाही, कॅनडा २०११ मध्ये त्यातून बाहेर पडायचं जाहीर करून मोकळा झाला. म्हणजे ज्या वहीत मोजायचं त्या वहीला मर्यादाच नव्हती. २००९ साली सायन्स या नियतकालिकात शास्त्रज्ञांच्या एका गटाने हीच पळवाट दाखवून दिली होती. त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि नियमाचा गाभा तसाच आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा मुद्दा वेळेचा. ऊस वर्ष-दीड वर्षात परत उभा राहतो, तोडलेलं मोठं झाड तितकंच वाढायला कित्येक दशकं घेतं. तेवढा काळ तो कार्बन हवेतच असतो. लाकूडकटाईचा भुसा आणि फांद्या जाळल्या तर हा काळ कमी, चांगली खोडं जाळली तर जास्त. युरोप-ब्रिटनचा सेव्हिंगचा फॉर्म्युला हा काळ बघतच नाही, त्यात जळतानाचा सीओटू थेट शून्य धरलेला आहे, मोजायचं ते पुरवठा साखळीतलं डिझेल, वीज, जहाज. त्यामुळे ८० टक्के सेव्हिंग लिहिलेलं असलं तरी त्यात झाड परत वाढलं की नाही याचं उत्तर नसतं.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर लाकडाच्या पेलेटसाठी सस्टेनेबल बायोमास प्रोग्रॅम नावाची पद्धत आहे, २०१३ मध्ये सुरू झालेली, आणि ती उभी करण्यात पेलेट जाळणाऱ्या वीज कंपन्यांचाच हात होता. ऑडिटरची फी बहुतेक सगळ्याच पद्धतींत तोच भरतो ज्याचं ऑडिट होतंय. याचा अर्थ सगळं खोटं असा अजिबात नाही, पण नियामकाने वरून तपासायला लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये ऑफजेमच्या (ब्रिटनचा ऊर्जा नियामक) चौकशीनंतर ड्रॅक्सने अडीच कोटी पाउंड भरायचं मान्य केलं, कारण कॅनडातून आलेल्या लाकडाच्या प्रकारांची २०२१-२२ ची माहिती नीट ठेवलेली आणि कळवलेली नव्हती. लाकूड शाश्वततेच्या निकषांत बसत नव्हतं किंवा सबसिडी चुकीने मिळाली असं ऑफजेमला आढळलं नाही, हेही सांगायला हवं. चुकलं ते नोंदींमध्ये, खोड किती आणि भुसा किती या तपशिलात, आणि मघाशी म्हटलं तसं सगळा फरक त्याच तपशिलाने पडतो. २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने २०२७ नंतरची सबसिडी साधारण निम्म्यावर आणायचं आणि १०० टक्के लाकूड शाश्वत स्रोतातलंच हवं (आधी ७० टक्के पुरत होतं) असं ठरवलं. माझ्या मते हे बरंच आधी व्हायला हवं होतं.

प्रश्न: आमच्या कंपनीने चाकणच्या प्लांटमध्ये फर्नेस ऑइल बंद करून ब्रिकेटचा बॉयलर बसवला. बीआरएसआर रिपोर्टमध्ये (कंपन्यांचा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल) स्कोप १, म्हणजे आमचं स्वतःचं थेट उत्सर्जन, शून्य दाखवू का? (ईएचएस मॅनेजर, पुणे)

उत्तर: शून्य नाही. ब्रिकेटचा सीओटू स्कोपच्या बाहेर, वेगळ्या ओळीत दाखवायचा, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्ये, आणि ब्रिकेट बनवायला-आणायला लागलेली वीज-डिझेल ही स्कोप ३, म्हणजे पुरवठा साखळीतलं उत्सर्जन. वेगळी ओळ टाळू नका, ती नसली की वाचणाऱ्याला तुम्ही काय जाळलं तेच कळत नाही.

आणि सप्लायरला एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटा. ‘ॲग्रो वेस्ट’ असं बिलावर लिहिलेलं असतं, यार्डात मात्र कधी कधी बाभळीची, सुबाभळीची ताजी खोडं चिपरला लागलेली दिसतात, बांधावरचं झाड तोडून आलेलं लाकूड हा पिकाचा अवशेष होत नाही. कच्चा माल कुठल्या तालुक्यातून, कुठल्या महिन्यात, किती टन आला ते रजिस्टर बघा. सोयाबीनचं कुटार ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघतं, पऱ्हाटी जानेवारीनंतर, आणि एखादा सप्लायर ऑगस्टच्या भर पावसात रोज ताजं कुटार आल्याचं दाखवत असेल तर त्याला साठ्याचं गोडाऊन दाखवायला सांगा. प्रत्येक लॉटचा उष्मांक, ओलावा आणि राखेचा लॅब रिपोर्ट घ्या, लाकडात राख कमी असते आणि कुटारात बरीच जास्त, त्यामुळे बिलावर कुटार आणि रिपोर्टमध्ये राख जेमतेम एक टक्का असं आलं तर पुढचा ट्रक उतरवण्याआधी विचारा.